सहा दिव्यांचं थोबाड

ज्या गाडीत मी चार हंगाम राहिले, त्या गाडीला पुढून सहा दिवे होते आणि आम्ही बायका जिथं झोपायचो, कपडे बदलायचो, तिथं पहिली दोन वर्षं एकही नव्हता. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही.

मी नाटकात कामं करायचे. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. दिवाळी ते होळी आमची कंपनी रोज एका नव्या गावात असायची. नव्याण्णवच्या दिवाळीला मी कंपनीत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. राहणं, जेवणं, झोपणं सगळं गाडीत.

गाडी म्हणजे पुढं लांब नाक असलेली जुनाट बस. तसल्या बसगाड्या तोवर रस्त्यावर दिसेनाशा झाल्या होत्या. मालकानं ती कुठल्याशा लिलावातून उचलली, आतली बाकडी काढून दोन्ही अंगांना झोपायच्या फळ्या ठोकल्या, मधे नाटकाच्या पेट्या आणि दारापाशी स्टोव्ह ठेवला. सगळ्यात मागं प्लायवूडची आडभिंत. तिच्यापलीकडं आम्ही तिघी: मी, एक नाचणारी आणि मावशी. मावशी कंपनीतली सगळ्यात जुनी नटी. आधी नायिका, मग आई, मग सासू असं करत करत तिनं उभं आयुष्य स्टेजवर काढलं होतं. आमच्या बाजूच्या दाराला आतून कडी नव्हती. खिडकीला काचेच्या जागी जुन्या साडीचा पडदा होता. तयार व्हायची वेळ दिवेलागणीची, त्यामुळं एकीनं दातात टॉर्च धरायची आणि दुसरीनं निऱ्या घालायच्या. टॉर्च धरणारीच्या तोंडातून लाळ गळायची आणि मग आम्ही तिघी हसत सुटायचो. तेव्हा हसायचो, हे कबूल करते.

हंगामाआधी तालमींसाठी आम्हाला गोंदियाला बोलावलं जायचं आणि त्याच दिवसांत गाडी कुडव्याजवळच्या एका कारखान्यात उभी असायची. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, वेल्डिंगचं यंत्र आणि एक बॉडी मिस्त्री. मालक सकाळीच खुर्ची टाकून गाडीच्या तोंडासमोर बसायचा. पोरगी पाहायला आलेला माणूस बसतो ना, तसा, मान कधी इकडं कधी तिकडं.

गाडीचे मूळचे दिवे दोन होते. गोल, बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. मला आवडायचे. पहिल्याच वर्षी मालकानं ते काढायला लावले. मडगार्डचा पत्रा कापून चौकोनी चार दिवे बसवले, बंपरवर पिवळे दोन. पुढच्या वर्षी नाकावरची उभ्या पट्ट्यांची साधी जाळी गेली आणि ट्रकची चकचकीत स्टीलची जाळी आली. ती नाकाहून रुंद निघाली, तर जाळी कापायची सोडून नाकाचेच गाल पत्रा ठोकून फुगवले. मिस्त्री म्हणाला, "मालिक, हवा अडकेल, इंजन गरम होईल." मालक म्हणाला, "होऊ दे गरम. गाडीचा फेस पाहा, फेस!" इंजिन गरम व्हायचंच. मग आम्ही बायका कळश्या घेऊन विहिरी शोधत फिरायचो. तिसऱ्या वर्षी जाळीभोवती लाल-हिरवे बारके बल्ब लागले, एकामागून एक पळणारे.

मालक मूर्ख नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. नाटकाच्या दिवशी दुपारी चार वाजता आमची गाडी गावातून फिरायची, वर भोंगा, पुढं सगळे दिवे भर उन्हात पेटलेले, आणि ड्रायव्हरशेजारी तोंडाला रंग लावून आम्ही बसलेल्या. मंडईत कधी दोन-दोन कंपन्यांची नाटकं लागायची. लोक दोन्ही गाड्या पाहायचे आणि ज्या गाडीचं तोंड भारी तिच्या मंडपात शिरायचे. "पब्लिक गाडीचं थोबाड पाहून तिकीट फाडते," असं मालक म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. ते खरं होतं म्हणून तर माझा राग वाढायचा. त्या थोबाडावर आमचं पोट होतं आणि त्या थोबाडामागं आम्ही अंधारात चाचपडत होतो.

मी पहिल्या वर्षीच मागितलं होतं. एक बल्ब आणि एक कडी.

"बॅटरी बसते, बाई," मालक म्हणाला.

भर उन्हात सहा दिवे जाळताना बॅटरी बसत नव्हती! दुसऱ्या वर्षी पुन्हा मागितलं, पुन्हा बॅटरी बसली. तिसऱ्या वर्षी ते पळणारे बल्ब लावायला वायरमन गाडीत वाकला होता, तेव्हा मी तालीम सोडून कारखान्यात गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "मालक, एवढी वायर चालली आहे, त्यातली वीतभर आम्हाला द्या." माणसं हसली. मालकाला मोठेपणा मिरवायची संधी मिळाली. "लगा दे रे, बाई लोगों को भी एक लगा दे," तो वायरमनला म्हणाला. कडी मिस्त्रीनं आपणहून ठोकली. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. त्या माणसाचं भलं होवो.

मी मालकाचे आभार मानले. हात जोडून मानले. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटतात. कारण बल्ब मागं लागला होता आणि त्याचं बटण पुढं. ड्रायव्हरच्या समोर दिव्यांच्या बटणांची रांग होती, त्या रांगेत शेवटी आमचं बटण. वायरमनला मी विचारलं तेव्हा तो नजर चुकवत म्हणाला, "मालिक ने बोला, सब बटन एक जगह." मला वाटलं, असेल बापडं, लागेल तेव्हा हाक मारू.

पहिल्याच गावात कळलं. दिवेलागणीला आम्ही तिघी साड्या सोडून उभ्या होतो आणि भक्कन उजेड झाला. खिडकीच्या पडद्यावर आम्ही तिघी जशाच्या तशा उमटलो. बाहेर मंडपाकडं जाणारी माणसं थबकली. कुणीतरी शिट्टी मारली. आम्ही खाली बसलो. पुढून मालकाचा आवाज आला, "पाच मिनिटं राहिली!" आणि उजेड गेला.

त्याला ते भलतंच सोयीचं वाटलं. त्यानं त्याची रीतच पाडली. दोनदा बत्ती लागली की आटपा, तीनदा लागली की बाहेर या. आधी हे सांगायला एक माणूस मागं यायचा, दारावर थाप मारायचा, थांबायचा. आता बोट पुरत होतं. आम्ही चादरी लावून पाहिल्या. चादरीवरही आम्हीच दिसायचो. बल्ब काढून ठेवला, तर मालकानं नवा लावून त्यावर गोठ्यातल्या दिव्याला असते तशी तारेची जाळी स्क्रूनं ठोकली. आम्ही तिघी फळ्यांच्या मधे उकिडव्या बसून लुगडी नेसू लागलो. मी त्या हंगामापासून राणीचं काम करत होते. राणी उकिडवी बसून तयार व्हायची.

बटण मागं घ्या, असं मी मालकाला किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. "पूरी वायरिंग खोलावी लागेल, बाई. गाडी आठ दिवस कारखान्यात लावावी लागेल. सीझन संपला की पाहू." सीझन संपला. नवा सुरू झाला. गाडीच्या नाकावर स्टीलचा एक पसरलेल्या पंखांचा गरुड आला. बटण जिथल्या तिथं.

मावशी पदर ओढून मला गप्प करायची. "काऊन पोट मारून घेते? म्या यापेक्षा वंगाळ पाह्यलं. चार महिने काढ, पोट्टे, डोरे मिटून घे."

"डोळे आपण मिटायचे आणि पाहायचं त्यांनी?" मी म्हणायचे. ती कूस वळवायची.

अर्जुनी मोरगावच्या अंगाला एका गावात मंडई होती. दुपारचे चार. गाडी फेरीला निघायची होती. सहाही दिवे लागलेले, बारके बल्ब पळत होते, गरुड चमकत होता. मावशी आणि नाचणारी पुढं जाऊन बसल्या. मी खाली उतरले आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहिले. आधी काही ठरवलं नव्हतं. पाय तिथं गेले एवढं खरं.

मालक केबिनमधे माईक घेऊन बसला होता. "चल बाई, बैठ. टाइम होऊन राहिला," तो म्हणाला आणि ते वरच्या भोंग्यातून अख्ख्या गावाला ऐकू गेलं. माईक चालूच होता. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

"आधी बटण मागं घ्या," मी म्हणाले.

"कोणतं बटन?"

मी दोन पावलं पुढं गेले, केबिनच्या खिडकीशी, माईकच्या जवळ. "आम्ही लुगडं सोडलं की तुम्ही बत्ती लावता ना, ते बटण."

भोंग्यातून माझाच आवाज माझ्या डोक्यावरून गेला आणि गावाच्या टोकापर्यंत पोचला. मला स्टेजवर वाक्य कुठं तोडायचं ते माहीत होतं. मी तोडलं आणि थांबले. मालकानं माईककडं पाहिलं. मग त्याचा चेहरा असा झाला की अख्ख्या हंगामात एवढा चांगला अभिनय कुणी केला नव्हता. त्यानं घाईनं माईक बंद केला, पण आता उशीर झाला होता. रस्त्यालगतच्या अंगणात एक म्हातारी धान वाळवत होती. ती हातातली काडी टाकून उठली.

"काय म्हनते वो ते बाई? कोन बत्ती लावते?"

नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाची माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मी म्हातारीला सगळं सांगितलं, माईकशिवाय, पण कमी आवाजात नाही. इतर अंगणांतल्या बायकाही तोवर रस्त्यावर आल्या होत्या. म्हातारीनं गाडीच्या थोबाडाकडं नीट पाहून घेतलं आणि मालकाला म्हणाली, "देऊन टाक ना गा तिले बटन. तुह्यापाशी सहा बत्त्या हायेत. आनखी कायले पायजे?"

मंडळानं मंडपाचा वायरमन बोलावला. त्यानं मंडपाच्या बोर्डावरचं एक जादा बटण काढलं, दोन हात वायर घेतली, आमच्या आडभिंतीला भोक पाडलं, बटण आतून बसवलं आणि पुढच्या बटणाच्या वायरी जोडून ते निकामी केलं. दहा मिनिटं लागली. आठ दिवस कारखान्यात लावायची गाडी, पूरी वायरिंग खोलायची, आणि दहा मिनिटं! तेवढ्या दहा मिनिटांसाठी आम्ही हंगामभर आणि वर अर्धा हंगाम उकिडव्या बसलो होतो. बटण मिळालं त्याचा आनंद मला त्या क्षणी झाला नाही. इतका संताप आला की नाटकात राणी राजावर जरा जास्तच ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मावशी? एवढं सगळं होत असताना ती केबिनमधे समोर बघत बसून राहिली. खाली उतरली नाही. मला मालकाइतकाच तिचा राग आला, आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही.

पुढच्या दिवाळीला मला बोलावणं आलं नाही. मी तालमीची वाट पाहत राहिले, मग कळलं की माझ्या जागी दुसरी घेतली. दुसऱ्या कंपन्यांनाही निरोप गेला होता, 'ती बाई गाडी अडवते.' दोन हंगाम कुणी विचारलं नाही. पुढं किरकोळ कामं मिळाली, पण राणी पुन्हा माझ्याकडं आली नाही. बटण मात्र मागंच राहिलं, एवढं मावशीकडून कळलं.

दहाएक वर्षं गेली. गोंदियात एका सभागृहात मालकाचा सत्कार होता. मावशी म्हातारी झाली होती, तिला एकटीला येववत नव्हतं, म्हणून मी तिच्यासोबत गेले. शाल, श्रीफळ, हार. स्टेजवर त्या गाडीचा मोठा फोटो, अर्थात पुढून. मालक बोलायला उभा राहिला. चौकोनी दिवे कसे बसवले, जाळी कुठून आणली, गरुड कुणाकडून घडवला, सगळं सांगून झालं. मग तो म्हणाला, "आणि त्या काळात माझ्या गाडीत महिला कलाकारांसाठी अलग लाइट होती. कोणी मागितली नव्हती. मी स्वतःहून लावली."

टाळ्या पडल्या.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. मावशीनं माझा पदर धरला, पूर्वी धरायची तसाच.

"बटण कुठं लावलं होतं, तेही सांगा," मी म्हणाले.

या वेळी माईक फक्त त्याच्याकडं होता. वर पंखे घरघरत होते. पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. मालकानं कानामागं हात धरला आणि हसत विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

पदराला ताण बसला. मला वाटलं, मावशी मला खाली बसवते आहे. पण ती त्या पदराच्या आधारानं उठत होती. गुडघे धरून, हळूहळू, ती माझ्याशेजारी सरळ उभी राहिली.

"जोरानं म्हन, पोट्टे," ती म्हणाली. "मांगच्याइले आयकू नाई गेलं."

मी पदर खोचला आणि पुन्हा म्हटलं.