टॅबलेट, फक्त शिकणाऱ्या मुलाला

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. स्वतःच्या मूर्खपणाचा किस्सा सांगायलाही हल्ली दम लागतो हो!

माझ्याकडे सध्या पोस्टकार्डाएवढा ग्राफिक्स टॅबलेट आहे. जो तो विचारतो, "अरे, एवढासा का घेतलास?" आज सांगूनच टाकतो.

मी घोडपदेवला राहतो आणि शाळेच्या वर्कबुकांसाठी चित्रं काढतो. 'अ' अननसाचा, त्यातला अननस माझा. वीस वर्षं अननसच काढतोय. टॅबलेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची काळी पाटी. तिच्यावर खास पेनाने काढलं की चित्र स्क्रीनवर उमटतं. तर माझी पाटी गेली. म्हणजे अर्धीच गेली. डावी बाजू मेली, उजवी जिवंत. आठवडाभर मी प्रत्येक चित्र उजवीकडे सरकवून काढलं. चित्र सरळ आलं, मान वाकडी झाली. आणि पंधरा दिवसांत तिसरीचं अख्खं पुस्तक द्यायचं होतं!

लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, "बॉस, स्क्रीनवाला लो. लाइफ बन जाएगी."

किंमत ऐकली आणि म्हटलं, आहे ती लाइफ बरी आहे.

मग व्हिडिओ बघितले. एकात सांगतात, बजेटमध्ये हाच बेस्ट. दुसऱ्यात सांगतात, बाकी काहीही घ्या, हा घेऊ नका. चार दिवसांनी माझं डोकंही डावीकडून बंद पडलं. शेवटी जुन्या वस्तूंच्या ॲपवर एक जाहिरात सापडली. मोठा टॅबलेट, जेमतेम वापरलेला, अँटॉप हिल. खाली लिहिलं होतं, 'फक्त शिकणाऱ्या मुलाला. किमतीचं बघू.'

आता मला सांगा, माणूस शिकत नसतो का? मरेपर्यंत शिकतच असतो ना? मी टाइप केलं, "मॅडम, मी स्टुडंट आहे."

लगेच उत्तर. "कितवीला आहेस बाळा?"

बाळा! सेहेचाळीस वर्षांचा मी, मिशी पांढरी. पण बोट थांबलं नाही. "दहावी."

"बाबा काय करतात?"

"पप्पांचं काम सुटलंय."

ते का लिहिलं, देव जाणे! पण किंमत धाडकन निम्मी झाली. मी खुशीत बायकोला दाखवायला गेलो, तोवर पुढचा मेसेज. "रविवारी ये. काढलेली चित्रं आण, आणि बाबांना घेऊन ये. मोठ्या माणसाशिवाय मी मुलाच्या हातात वस्तू देणार नाही."

सुजाता म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका."

"किंमत वाढेल."

"मग जा. तुमचे तुम्ही बाप व्हा."

ती टोमणा मारत होती. मला तो उपाय वाटला!

रविवारी अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत तिसरा मजला चढलो. सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली, आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारी. चष्म्यावरून माझ्यामागे बघत म्हणाल्या, "संजय कुठाय?"

संजय मीच. ॲपवर खरं नाव होतं.

"त्याचा क्लास आहे, बाई. मी त्याचे वडील."

"बरं. तुमचं नाव?"

इथे माझी तंतरली. आयत्या वेळी एकच नाव तोंडात आलं. माझ्या खऱ्या वडिलांचं. "वसंत."

झालं! मी माझाच बाप झालो.

बाईंनी पोह्यांची बशी पुढे केली. "खा हो. काम काय, मिळेल. धीर सोडू नका." इतक्या मायेने म्हणाल्या, की काम सुटल्यासारखं खरंच रडू यायला लागलं. टेबलावर टॅबलेट ठेवला होता. काळाभोर, लांबरुंद. डावी बाजूसुद्धा चालू!

"दाखवा पोराची चित्रं."

मी मोबाइल दिला. वीस वर्षांतली निवडक. छापून आलेली. मनात म्हटलं, आता म्हातारी थक्क होणार. दहावीचा मुलगा आणि असा हात!

त्यांनी एकेक चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. मग म्हणाल्या, "माकड बरंय."

"आजोबा आहेत ते."

"अच्छा. आणि या गाईचे गुडघे असे उलटे का?"

ती गाय तीन राज्यांतली पोरं रंगवतायत!

"हात वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण उरकल्यासारखं काढतो. प्रत्येक चेहरा तोच. अहो, इतक्या लहान वयात एवढा कंटाळा कसा आला याला?"

मी बशी खाली ठेवली. सांगून टाकावं वाटलं, की बाई, लहान नाही हो तो, थकलाय. पण मी वसंत होतो. मुलाची बाजू घ्यायला आलेला बाप.

"त्याला फार गरज आहे हो टॅबलेटची," मी म्हटलं.

"नको. आत्ता नको. मशीनवर हात आणखी बिघडेल." त्यांनी टॅबलेट उचलून चक्क कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं! माझ्या हातात कोरी वही आणि पेन्सिलींचा डबा दिला. "ही वही भरून आण म्हणावं. मग फुकट देईन."

"बाई, पण..."

"वसंतराव, बसा." त्यांनी आवाज खाली आणला. "मी हजारो पोरं बघितलीत. तुम्ही अडचणीत आहात, म्हणून स्पष्ट सांगते. रागावू नका. याला कॉमर्सला घाला."

मी वही काखेत मारली, चप्पल पायात सरकवली.

"मीही त्याला तेच सांगतो, बाई. ऐकत नाही."