ग्वेनचा समुद्र

कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीसुद्धा रात्रभर विजेला जोडून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी ती हूं की चूं करत नाही. अशा गावात माणसाला उन्हाची स्वप्नं पडली तर त्यात त्याचा काय दोष? पण विमान कंपन्यांना ही स्वप्नं बरोबर दिसतात. बर्फ जितका उंच, तितकं तिकीट महाग. आर्लीन ह्रिसाकचं डोकं फिरायचं ते याच गोष्टीवर.

आर्लीन सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या यंत्रावर होती. युनियनची प्रतिनिधी. आवाज असा, की साहेब दोन खोल्या पलीकडून दार लावून घ्यायचा. एकदा मेक्सिकोला जाताना शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने सहज सांगितलं, की त्याने तिच्या निम्म्या पैशांत तिकीट काढलंय. विमान तेच, सीट तशीच, सुकं सँडविचही तेच. उतरेपर्यंत आर्लीन धुमसत होती. त्या दिवसापासून तिने विमान कंपन्यांशी उभा दावा मांडला.

कुणी शिकवलं नाही, शिकली. "आधी गाव ठरवून तारीख शोधतो तो मूर्ख," ती सांगायची. "आधी स्वस्त कुठे जातंय ते बघा, मग म्हणा मला तिथेच जायचं होतं." सुट्ट्या सैल ठेवायच्या, शनिवार-रविवार टाळायचे, वेळ पडली तर सीमा ओलांडून अमेरिकेतल्या विमानतळापर्यंत गाडी हाणायची. सगळी लाँड्री तिच्या जिवावर जग फिरून आली होती.

राहिली होती एकटी ग्वेन. गव्हाच्या शेतात वाढलेली, आयुष्यभर इस्पितळाचे टॉवेल घड्या करणारी ग्वेन टुले. तिने समुद्र पाहिला नव्हता. दरवर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू." आता मे महिन्यात ती निवृत्त होणार होती, आणि नंतर पेन्शनीवर कसली विमानं? आर्लीनने भर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटला होता. "हिला निवृत्तीआधी समुद्र दाखवला नाही, तर माझं नाव बदला!"

एका रविवारी दुपारी तिचा नवरा ओरेस्ट पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळत होता. आर्लीन फोनमध्ये नाक खुपसून बसली होती.

"काय म्हणतोय तुझा सट्टाबाजार?" त्याने विचारलं.

धाडकन खुर्ची मागे पडल्याचा आवाज.

"ओरेस्ट! लिस्बन! अरे, कुणीतरी एक शून्य खाल्लंय!"

कंपनीच्या कुणाच्या तरी बोटाची चूक. एप्रिलचं, जाऊन येऊन, पोर्तुगालचं तिकीट बुटांच्या एका जोडीच्या भावात. आर्लीनने श्वास न घेता दोन तिकिटं काढली, एक ग्वेनचं, एक स्वतःचं. पक्की झाल्याचा निरोप आला, तेव्हा पिरोगी करपली होती आणि दोघं स्वयंपाकघरात नाचत होती.

चुकीच्या भावाचा कायदा एकच: आधी घ्या, गप्प बसा, आणि मेलात तरी कंपनीला फोन करू नका. फोन केला की कुणीतरी बघतं, बघितलं की तिकीट रद्द. सोमवारी आर्लीनने हे ग्वेनला तीनदा बजावलं. ग्वेन आधी रडली, मग हसली, मग गप्प झाली. तिथेच आर्लीनच्या लक्षात यायला हवं होतं. दुकानदाराने खोक्यात चार डोनट जास्त घातले, म्हणून बर्फाच्या वादळात गाडी वळवून ते परत द्यायला गेलेली बाई ही!

मंगळवारी जेवायला ग्वेन आली नाही. चादरींच्या कोठीत सापडली, कानाला फोन, फोनमध्ये वाट पाहायला लावणारं संगीत.

"कुणाला लावलास?"

"अगं, त्या बिचाऱ्यांना कळवायला नको का? आपण चोरी केल्यासारखं वाटतंय. रात्रभर झोप नाही मला."

"बिचारे?" आर्लीनचा आवाज छताला लागला. "तुझी बॅग एक किलो जास्त भरली तर सोडतील का तुला ते बिचारे? ठेव फोन! बये, तुझा समुद्र आहे तो!"

"नमस्कार, काय मदत करू?" फोनमधून आवाज आला.

आर्लीन झेपावली, पण ग्वेनने एका दमात सगळं ओतलं. नाव, तिकीट, "सॉरी हं, पण तुमचं एक शून्य राहिलंय वाटतं."

पलीकडे कीबोर्ड टकटकला. आर्लीनने कपाळ चादरींच्या गठ्ठ्यात खुपसलं.

"बाई," पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "तुमचं तिकीट मला इथे पक्कं दिसतंय. भाव तपासायला मला कुणी ठेवलेलं नाही, मी फोन घेते. आणखी काही?"

"म्हणजे... चालेल ना?"

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता झोपा बिनघोर." मग आवाज आणखी खाली आला. "एक विचारू? अजून मिळतंय का? माझ्या आईने कधी समुद्र..."

आर्लीनने फोन हिसकावला. "ऐक पोरी, लगेच काढ! मंगळवारी निघायचं, शनिवार टाळ. आणि काढलंस की तोंड बंद ठेव. अगदी तुमच्या कंपनीलासुद्धा फोन करायचा नाही!"

पलीकडे मुलगी खुदकन हसली. मालक वेगळा आणि फोन उचलणारा वेगळा, हे आर्लीनला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी भाव शून्यासकट परत आला. त्यांची तिकिटं मात्र शाबूत राहिली.

एप्रिलात पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ग्वेनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एक लाट अंगावर घेतली, किंचाळली, ओंजळीतलं पाणी चाखलं. "अगं, खरंच खारट आहे गं!" मग भिजलेल्या हातांनी खिसे चाचपायला लागली.

"आता काय शोधतेस?"

"फोन. त्या कंपनीचे आभार तरी मानायला हवेत ना?"

"दे इकडे!" आर्लीनने तिचा फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात घालून चेन ओढली. "विनिपेगला उतरेपर्यंत मिळणार नाही. परतीचं तिकीट वापरायचंय अजून!"

ग्वेनने तिच्या तोंडावर ओंजळभर समुद्र उडवला.