कोंडीबाचा टॉवेल

म्हसवडच्या कोंडीबानं जन्मभर टॉवेल टाकूनच जागा धरली. एसटीत खिडकीतून, जत्रेतल्या सिनेमाला तंबूच्या कापडाखालून. त्यामुळं नात राणीनं त्याला सांगलीच्या थेटरात आणलं, तेव्हा ती पॉपकॉर्न घेईपर्यंत गडी आत घुसला आणि मधल्या दोन खुर्च्यांवर टॉवेल पसरून पहाऱ्याला उभा राहिला.

काठी टेकत एक म्हातारी सुनेबरोबर आली. "आवं, या आमच्या खुर्च्या हायत. नंबर बघा की."

"नंबर ऱ्हाऊ द्या घरी! टॉवेल दिसत न्हाई व्हय? आदुगर यील त्याची जागा!"

मागं कुणीतरी खिदळलं. म्हातारी पायरीवरच टेकली.

तेवढ्यात राणी आली. तिनं तिकिटं पाहिली. "आबा, आपल्या जागा मागं हायत. चला." मग तिनं म्हातारीपुढं हात जोडले. "आज्जी, चुकलं आमचं."

चूक आपली आणि हात पोरीनं जोडले, हे कोंडीबाला लय लागलं. मागं त्यांच्या दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या. पहारा नसताना कुणी शिवलंही नव्हतं. सिनेमा संपेपर्यंत त्यानं टॉवेलाची घडी मांडीखाली दाबून ठेवली.