सोडाबाटलीतलं आंबवण

माघ वद्य द्वादशी, सन १९५५. ऊन अंगणात उतरण्याआधी आमच्या ओसरीवर चौघे बसलो होतो: थोरला भाऊ, वहिनी, मी आणि माझी बायको. मधे सुपात सात रुपये होते. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आठ ठरले होते. मी दोनदा मोजले, सातच भरले.

"आठवा कुठी गेला?" मी विचारलं.

भावाने खांबामागे हात घातला आणि सोड्याच्या दोन बाटल्या काढून सुपाशेजारी ठेवल्या. हिरव्या काचेच्या, जाड, गळ्यात गोळी असलेल्या. "हा पाह्य," तो म्हणाला. मूल गावच्या सोडावाल्याकडे बाटलीमागे आठ आणे अनामत ठेवून त्याने त्या आणल्या होत्या.

त्या कशासाठी, हे कळायला आधी मडक्याची गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडे रोजची आंबील ज्वारीच्या पिठाची किंवा तांदळाच्या कणीची. पीठ आंबट पाण्यात भिजवून ठेवायचं, आंबलं की दुसऱ्या दिवशी मीठ घालून शिजवायचं. हे आंबट पाणी म्हणजे आंबवण. ते मडक्याच्या तळाशी कायम राखून ठेवायचं. मडकं पूर्ण रिकामं करायचं नाही, धुवायचं तर नाहीच. प्रत्येक घरच्या आंबवणाची चव वेगळी असते, आणि ज्याची जीभ एका घरच्या चवीला लागली त्याला दुसऱ्या घरची आंबील गळ्याखाली उतरत नाही.

माझे सासरे असे एक. दिवाळीपासून त्यांना हिवताप होता. ताप उतरला तरी अन्नावरची वासना परत आली नव्हती. सकाळ-संध्याकाळ वाटीवाटी आंबील, एवढ्यावर ते तग धरून होते. आणि पौषात सासूबाईंच्या मडक्याला वासराने लाथ मारली. मडकं फुटलं, आंबवण चुलीत गेलं. शेजारणींनी आपापल्या घरचं आणून दिलं. सासरे एक घोट घ्यायचे, "हे कोणाच्या घरचं?" विचारायचे, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

दीड वर्षामागे लग्न होऊन आली तेव्हा माझी बायको माहेरचं आंबवण घेऊन आली होती. तेच आता आमच्या मडक्यात होतं. सासूबाईंनी बाजारात आलेल्या माणसाबरोबर निरोप धाडला: यात्रेला मी येते, माहं आंबवण मले वापस आणून दे. निरोप मिळाल्यापासून बायको त्या मडक्याची जशी निगा राखत होती, तशी तिने माझी कधी राखली नाही. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमी आंबून जाल तं तुमचीबी राखीन."

आता बाटल्यांकडे येतो. आंबवण तुंब्यात न्यायचं, वाळलेल्या दुधीभोपळ्याच्या भांड्यात, हे सगळे धरून चालले होते. भाऊ सोडून. "तुंबा म्हणजे जुनं काम," तो म्हणाला. "बंडी हालली का सांडला. ही बाटली उलटी ठेवली का गोळी गळ्यात बसते. आतून जोर आला का अजून घट्ट बसते. थेंब बाहेर यायचा नाई."

गोळीबद्दल तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. बिघाड तिथेच होता.

बायकोला ते कळलं होतं. पण आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते जावेला, नवऱ्याला, ते नसले तर खांबाला सांगायचं. त्या दिवशी तिने खांबाला सांगितलं. "आंबवणाले श्वास लागते म्हणा. कोंडलं तं कावते."

"खांबाले सांग," भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "का ते पाणी आहे, पाखरू नाई."

आणि त्याने आंबवण फडक्यातून गाळून बाटल्यांत भरलं. गळ्यापर्यंत. वाटेत ते उपाशी राहू नये म्हणून चिमूट चिमूट पीठ घातलं, आणि त्यावर गुळाचा एकेक खडा. गुळाचं कोणी सुचवलं नव्हतं, ती त्याची स्वतःची भर. मी एवढंच म्हणालो की घागर भरतानासुद्धा चार बोटं मोकळी ठेवतात. तो म्हणाला, "तुले तं मोजायलेच पायजे काई ना काई."

बायकोने आपल्या गाठोड्याला एक छोटा रिकामा तुंबा बांधला. भावाची नजर तिकडे गेली. "पाणी प्याले," तिने खांबाला सांगितलं.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावाहून मार्कंडा बैलबंडीने एका मुक्कामाची वाट. रानातला रस्ता, खाचा आणि दगड. बाटल्या तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, उलट्या खुपसल्या होत्या. दुपारच्या जेवणाची शिजवलेली आंबील मोठ्या तुंब्यात भरून वहिनीने बंडीच्या दांडीला टांगली होती. तुंब्याच्या तोंडाला पळसाच्या पानाचं सैल बूच होतं. धक्क्याधक्क्याला त्यातून थेंबभर बाहेर यायचं आणि भाऊ प्रत्येक वेळी म्हणायचा, "पाहून घ्या." पहिल्या दिवशी त्याने ते इतक्या वेळा म्हटलं की मला तुंब्याचीच कीव येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनगंगेच्या अलीकडे एका मोहाखाली बंडी सोडली. पात्रात वाळूच जास्त, पाणी एका अंगाला गुडघाभर. पलीकडच्या काठावर देवळांची शिखरं दिसत होती. वहिनीने भाकरी आणि कांदा काढला, द्रोणांत आंबील ओतली. तुंब्यातली आंबील दोन दिवसांच्या उन्हात थोडी जास्तच आंबट झाली होती, पण थंड होती आणि गोड लागली.

भाऊ उठला. त्याला आपला विजय जेवण उरकण्याआधी सिद्ध करायचा होता. त्याने तणसातून एक बाटली काढली. सकाळपासूनचं ऊन बंडीच्या त्याच बाजूने होतं, बाटली हाताला गरम लागत होती. गोळी गळ्यात रुतून बसली होती आणि तिच्यामागे बारीक बुडबुड्यांची रांग उभी होती.

"थेंब सांडला काय?" त्याने विचारलं. "नाई. आता वास घ्या, ताजं आहे का नाई ते." त्याने बाटली तोंडासमोर धरली आणि अंगठा गोळीवर ठेवला.

बायको बैलाच्या मानेवर हात फिरवत उभी होती. "पांढऱ्या," ती बैलाला म्हणाली, "तोंडापासून दूर धरा म्हणा."

"पांढऱ्याले काय समजते," भाऊ म्हणाला आणि अंगठा दाबला.

आवाज मोठा झाला नाही. मांजर फिसकारतं तेवढाच. पण बाटलीतलं सगळं एका दमात वर आलं. भावाची धुतलेली टोपी, मिशा, सदरा, मागे पांढऱ्याचं वशिंड. भाऊ दचकला, हातातून बाटली सुटली आणि चाकाच्या लोखंडी धावेवर फुटली. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चाखून पाहा, आंबट बराबर आहे काय?"

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष बायकोकडे गेलं होतं. ती तणसातल्या दुसऱ्या बाटलीकडे बघत होती. घरच्या मडक्यात आंबवण होतं, पण घर एका मुक्कामावर मागे राहिलं होतं. सासूबाई दर्शन करून लगेच परतणार होत्या. सासऱ्यांच्या वाटीत पडायचं होतं ते आता एकाच बाटलीत उरलं होतं, आणि ती बाटली फुटक्या बाटलीशेजारी तेवढाच वेळ उन्हात होती.

भावालाही ते कळलं असावं. माणूस घाबरला की घाई करतो. त्याने मिशा पुसल्या न पुसल्या, वाकून दुसरी बाटली उचलली. "हिचा जोर लवकर काढून टाकतो," म्हणाला, आणि अंगठा पुन्हा गोळीकडे नेला.

"भाऊ, ठेवा ते खाली."

हे बायको बोलली. बैलाला नाही, मला नाही. पदर डोक्यावरच होता, पण तोंड सरळ त्याच्याकडे. भावाने बाटली खाली ठेवली. मला वाटतं, त्याला सांगितलेलं कळायच्या आधी त्याने ती ठेवली होती.

"पोत्यात गुंडाळा," ती म्हणाली. "पाण्यात नेऊन ठेवा. सावलीच्या अंगाले, गळ्यापर्यंत. थंड होऊ द्या. तवर जेवा."

भावाने बारदान ओलं करून बाटली गुंडाळली, पात्रातून चालत गेला, एका दगडाच्या आडोशाला पाण्यात ती रोवली आणि तिच्याजवळच उभा राहिला. जेवायला आला नाही. वहिनीने भाकरी तिकडेच नेऊन दिली. गुडघाभर पाण्यात उभं राहून, आंबलेल्या सदऱ्यात, तो भाकरी खात होता. काठावरून जाणाऱ्या बंडीतल्या एकाने विचारलं, "काऊन भाऊ, नवस आहे काय?" तो म्हणाला, "होय."

बाटली हाताला गार लागू लागली तेव्हा बायको पाण्यात उतरली. बाटली बारदानातच ठेवायची, तोंड माणसांकडे नाही, प्रवाहाकडे. गोळी अंगठ्याने नाही, काडीच्या टोकाने दाबायची. जरा दाबायची, फुस्स झालं की सोडायची. पुन्हा जरा. भाऊ दाबत होता, ती सांगत होती. "आता. राहू द्या. आता. जरासं." इतक्या आज्ञा त्याने आमच्या वडिलांच्यासुद्धा ऐकल्या नव्हत्या. फेस गळ्याशी यायचा आणि खाली बसायचा. शेवटी गोळी आपणहून आत पडली आणि बाटली गप्प झाली.

आतलं सगळं तिने पाणी प्यायच्या त्या छोट्या तुंब्यात ओतलं. तुंबा भरला नाही, वरचा तिसरा हिस्सा मोकळा राहिला. पळसाचं पान गुंडाळून तोंडाला लावलं, दाबून नाही, आणि त्यात गवताची पोकळ काडी खोचली. वारा जायला वाट. मग ओल्या फडक्यात बांधून बंडीखाली सावलीत टांगला, खाली टेकणार नाही असा. भाऊ हे सगळं हात मागे बांधून पाहत होता. बंडी जुंपताना तो बैलाच्या कानाशी वाकला, पण बोलला बायकोशी.

"आता बोललीच आहेस तं बोलत जा. पांढऱ्याले उगीच तरास."

नदी उतरून मार्कंड्याला पोचेपर्यंत तुंबा काडीतून बारीक कुरकुरत होता. वहिनी म्हणाली, याचा आणि माझ्या नवऱ्याचा आवाज एकच.

सासूबाई वाळूत पाल ठोकून बसल्या होत्या. लेकीला जवळ घ्यायच्या आधी त्यांचे डोळे तुंब्यावर गेले. त्यांनी पान काढलं, वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली. आम्ही चौघेही उभे होतो.

"माहंच आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा करंगळी बुडवली. "पण गोड काऊन लागून राह्यलं?"

"वाटेत उपाशी राहू नये म्हणून भाऊंनं गूळ देल्ला," बायको म्हणाली. भाऊ देवळाच्या शिखराकडे फार लक्ष देऊन पाहू लागला.

सासूबाईंनी तुंबा पालात ठेवला आणि कमरेची चंची सोडली. लेकीच्या घरचं आईबापांनी फुकट घ्यायचं नाही, हे त्या पाळत. पाणीसुद्धा नाही. त्यांनी दोन आणे पुढे केले.

"दोन आणे नको," बायको म्हणाली. "विकत घेतल्यावानी होते."

"मंग एक घे."

"तुहंच तं आहे, माय. तुह्याच मडक्यातलं."

"म्हणूनच देते. नाई तं तुहा बाप पिनार नाई, मलेच विचारन."

आई जास्त द्यायला बघत होती, लेक कमी घ्यायला. असा भाव करणारे मी बाजारात कधी पाहिले नाहीत. भाऊ मधे पडणार होता, वहिनीने त्याचा ओला सदरा धरून मागे ओढला.

होळीच्या बाजाराला निरोप आला. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी वाटी संपवली, "गोड आहे," म्हणाले, आणि दुसरी मागितली. दुसऱ्या आठवड्यात गोडवा गेला तेव्हा, तो कुठे गेला असं त्यांनी विचारलं. भावाने हे मला तीन वेळा सांगायला लावलं.

यात्रेचा हिशेब मी त्यानंतर पुरा केला. उरलेली बाटली परत केली, तिचे आठ आणे आले. फुटलेल्या बाटलीचे आठ आणे सोडावाल्याकडेच राहिले. आणि मार्कंड्याच्या वाळूत, बऱ्याच घासाघिशीनंतर, सासूबाईंनी माझ्या बायकोला एक पैसा दिला, तो तिने घेतला.