डावऱ्याची निंदा

आमच्या थोरल्या साडूंइतका बास्केटबॉल कमी खेळून जास्त बोललेला माणूस खानदेशात दुसरा झाला नसेल, आणि आता व्हायची गरजही नाही, कारण पुढच्या दोन पिढ्यांचंही त्यांनी बोलून ठेवलं आहे. धुळ्यात आग्रा रोडवर त्यांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. घासून गुळगुळीत झालेल्या टायरांवर नवं रबर चढवायचं हा धंदा, पण मालक रबराचा विचार करायचे तो फक्त चेंडूच्या संदर्भात. कोणाच्याही उंचीवर त्यांची नजर आधी जायची. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीऐवजी तिच्या भावालाच दोनदा उभं करून पाहिलं आणि घरी येऊन बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, म्हणाले, "स्थळ चांगलं आहे, पोरगा रिंगखाली उभा राहील असा आहे." लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन एकाच ओळीत रेंगाळला की साडू पानावरूनच ओरडायचे, "अरे हातात घेऊन काय फिरतोस? पास दे, पास!" वाढप्याला काही कळायचं नाही, पण घाबरून तो परात पुढच्याच्या हातात द्यायचा आणि पंगत खरोखरच लवकर उठायची.

मी मूळचा जळगावचा, बँकेत नोकरीला. ऐंशी सालानंतर कधीतरी माझी बदली धुळ्याला झाली आणि माझ्या बायकोला थोरल्या बहिणीचा शेजार मिळाल्याचा आनंद झाला. मला साडू मिळाले. पहिल्याच संध्याकाळी मला कॉलेजच्या मैदानावर नेऊन त्यांनी सिमेंटच्या कोर्टाशेजारच्या पायऱ्यांवर बसवलं आणि मंडळींना ओळख करून दिली, "हे आमचे साडू. जळगावचे आहेत, पण माणूस वाईट नाही." मंडळी म्हणजे दोघेच होते. एक न्यायालयातून निवृत्त झालेले बेलिफ आबा आणि दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळं गाव मेडिकलवाले म्हणायचं. हे तिघं रोज त्या पायऱ्यांवर बसून पोरांचा सराव बघत आणि पोरांनी काय करायला हवं होतं ते पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकांना सांगत. जळगावच्या माणसाला बास्केटबॉलमध्ये केळीची लागवड सोडून काही कळत नाही हे साडूंचं मत मी सोडून सगळ्यांना मान्य होतं. थोडे दिवस गेल्यावर मलाही ते मान्य झालं.

पुढे कॉलेजचे खेळाचे जुने सर निवृत्त झाले, नव्या कोचसाठी जाहिरात निघाली आणि आमच्या पायऱ्यांवर जणू निवडणूकच लागली. अर्ज कोणाकोणाचे आले ते कॉलेजच्या शिपायाकडून साडूंना त्याच दिवशी कळायचं. नागपूरचा एक होता, त्याच्या गळ्यात दोन शिट्ट्या असतात असं कोणीतरी सांगितलं. साडू म्हणाले, "एका शिट्टीत ज्याचं भागत नाही त्याचं पोरं काय ऐकणार?" पुण्याचा एक होता, तो खेळाडूंना इंग्रजीत समजावतो म्हणे. बेलिफ आबांचं म्हणणं, "समजावू दे ना भो. आपल्या पोरांना मराठीत तरी कुठे समजतंय?" आणखी एक कबड्डीवाला होता. संस्थेतल्या कोणाच्या तरी नात्यातला, मांड्या अशा की त्याला पाहून मेडिकलवाले म्हणाले, हा चेंडू टाकणार नाही, दाबून फोडेल. असं प्रत्येकाचं पोस्टमॉर्टेम चाले. आणि मग एका संध्याकाळी साडू पायऱ्यांवर आले ते न बसताच उभे राहिले. हळूच म्हणाले, "डावऱ्याचा अर्ज आलाय."

हा डावरा म्हणजे साडूंचा कॉलेजातला जोडीदार. डाव्या हाताने खेळायचा म्हणून डावरा, त्याचं खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही. त्याच्याविषयी मी इतकं ऐकलं होतं की वाटेत भेटला असता तर ओळखलं असतं. तो चेंडू घेऊन निघाला की समोरचा उजवीकडे पडायचा आणि हा डावीकडून जायचा. खेळाची पदवी घेऊन तो वरणगावला शाळेत लागला होता. धुळ्याला पुन्हा आला नव्हता. का आला नव्हता, ते मला अक्कांनी सांगितलं. दोघं कॉलेजात असताना जळगावशी अंतिम सामना होता. शेवटची घटका, डावरा रिंगखाली मोकळा, हात वर करून उभा. चेंडू साडूंच्या हातात. पण साडूंचं नुकतंच अक्कांकडे बघणं झालं होतं आणि आमचे भावी सासरे त्या दिवशी प्रेक्षकांत बसले होते. साडूंनी पास दिला नाही, लांबून स्वतःच चेंडू मारला. तो रिंगवर आपटून बाहेर गेला आणि धुळे हरलं. गंमत म्हणजे आमचे सासरे गाडी चुकेल म्हणून मध्यंतरालाच उठून गेले होते, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. लग्न जमलं. डावरा लग्नाला आला नाही. हे सांगून झाल्यावर अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी मिळाले, पण माझ्यापायी दोस्त गेला. अजून संध्याकाळी जीव लागत नाही त्यांचा घरात."

त्याला परत आणायची ही एकच वाट होती आणि त्या वाटेवर संस्थेचे अध्यक्ष बसले होते. अध्यक्षांचा स्वभाव सगळ्या धुळ्याला ठाऊक होता. माणूस सरळ, पण संशयी. कोणी कोणाची शिफारस केली की यात काहीतरी गोम आहे असं धरून ते त्या नावावर काट मारायचे, आणि ज्याला चारजण नावं ठेवतात तो नक्की प्रामाणिक असणार, म्हणून लोक जळतात, असं त्यांचं गणित होतं. गाव त्याप्रमाणे वागायला शिकलं होतं. आपल्या पोरीला संस्थेच्या शाळेत लावायचं असेल तर बाप अध्यक्षांच्या कानावर जाईल असं बोलायचा की आमची पोरगी घेऊ नका बुवा, फार आगाऊ आहे. अध्यक्षांचा ड्रायव्हर जीपचे टायर घेऊन साडूंच्या दुकानात यायचा आणि जे ऐकेल ते संध्याकाळपर्यंत मालकाला पोचवायचा. साडूंनी ठरवलं, डावऱ्याची निंदा करायची.

ती त्यांनी अशी केली की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. ड्रायव्हर दिसला की त्यांचा आवाज चढायचा. डावरा कोच झाला तर पोरं चेंडू सोडून गोट्या खेळतील. त्याला वेळेचं भान नाही, त्याला नियम ठाऊक नाहीत, त्याच्या हाताखाली वरणगावची पोरं लंगडी तरी खेळतात का विचारा. एवढं बोलून झालं की ते दुकानाच्या मागे माठाजवळ जायचे आणि खळखळून चूळ भरायचे. मी एकदा विचारलं, "पान खाल्लं का?" तर म्हणाले, "नाही हो. तोंड विसळतोय." दुसरीकडे कबड्डीवाल्याची त्यांनी इतकी स्तुती केली की तो पहिल्याच फेरीत बाद झाला. वर, गावात आपल्यासाठी एकच माणूस झटला म्हणून तो बिचारा पेढे घेऊन आभार मानायला दुकानात आला. साडूंनी पेढा घेतला. तो बराच वेळ त्यांच्या हातातच होता.

पायऱ्यांवर मात्र गोंधळ उडाला. बेलिफ आबा चिडून त्यांच्या बोलीवर आले, "कालपर्यंत बठ्ठा गावले सांगत व्हतात, डावऱ्यासारखा कोच नही, आन आज हाई काय?" साडूंनी दोघांना विश्वासात घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आबा आणि मेडिकलवालेही निंदेला लागले. मेडिकलवाले तर औषधाच्या पुडीबरोबर गिऱ्हाइकाला डावऱ्याचा एकेक दोष बांधून द्यायचे. एकच गोष्ट आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आली नाही. साडूंच्या दुकानात नुसता अध्यक्षांचाच ड्रायव्हर येत नव्हता. धरणगावचा कापूस नेणारे ट्रक यायचे, भुसावळकडे जाणारे यायचे, वरणगावचेही यायचे. ड्रायव्हर टायर घेऊन गेले आणि बरोबर हेही घेऊन गेले.

अध्यक्षांनी डावऱ्याला नेमलं. साडूंना बातमी कळली तेव्हा ते दुकानात टायरला टेकून बसले आणि मला म्हणाले, "येतोय तो. देखा तुम्ही, आता देखा." त्या दिवशी गिऱ्हाइकांना चहा फुकट होता. डावरा रुजू झाला त्या संध्याकाळी साडू इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून पायऱ्यांवर आले. अक्कांनी भरताची वांगी भाजून ठेवली होती, रात्री जेवायला आणायचंच म्हणून. डावरा आला. केस पिकलेले, अंग भरलेलं, पण चाल मी ऐकली होती तशीच. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्याने आबांना नमस्कार केला, मेडिकलवाल्यांना केला, मला अनोळखी असून केला. मग साडूंसमोर थांबला आणि म्हणाला, "आलो मी. तुमच्या मनाविरुद्ध." ज्याच्या डब्यातली भाकरी न विचारता खाल्ली, त्याला तो 'तुम्ही' म्हणाला. आणि कोर्टावर निघून गेला. साडू उभेच होते. बसायचं त्यांना सुचेना, म्हणून मी त्यांचा हात धरून बसवलं.

मी म्हटलं, मी जाऊन सांगतो, हा सगळा डाव होता म्हणून. मला तेव्हा अध्यक्षांचा, ड्रायव्हरचा, आमच्या सगळ्यांच्याच शहाणपणाचा संताप आला होता. साडूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. "नाही. त्याला वाटतंय, गाव विरोधात असून स्वतःच्या गुणांवर मिळालं. माझ्या खटपटीनं मिळालं असं कळलं ना, तर राजीनामा लिहून पहिल्या गाडीनं वरणगावला जाईल. माले माहीत शे तो." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तेव्हा पास दिला नाही. आता दिला, तर त्याला दिसला नाही. चालतं." मला त्यांच्याकडे बघवेना. त्या रात्री आमच्या घरी भरीत आलं, पण जेवणात कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढे मी धुळ्यात होतो तोवर साडू एक दिवस चुकले नाहीत. फक्त त्यांचं बोलणं बंद झालं. पोरांच्या चुका दिसत, ओठ हलत, आवाज नाही. आबा आणि मेडिकलवाले भांडायचे, हे मधे बसून ऐकायचे. डावऱ्याने पोरं घडवली, कॉलेजनं जळगावला हरवलं, गावात मिरवणूक निघाली. मिरवणुकीत साडू शेवटच्या रांगेत चालले. माझी जळगावला परत बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी मुद्दाम पायऱ्यांवरच गेलो. डावरा कोर्टावर आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी शेवटचं म्हणून म्हटलं, "साडू, आता तरी त्याच्याशी बोला. किती दिवस असं?" ते म्हणाले, "बोलणं काय हो, होईल नाहीतर नाही होणार. पण पाच वाजले की तो कुठे आहे हे मला माहीत असतं. इतकी वर्षं पाच वाजायचे आणि त्याची आठवण यायची, तर तोंड कोणत्या दिशेला करावं तेच समजायचं नाही. आता निदान दिशा कळली." जळगावच्या गाडीत बसल्यावर मला फार एकटं वाटलं.

त्यानंतर साडूंची भेट लग्नकार्यातच व्हायची. एका हिवाळ्यात मात्र ते काही कारण नसताना जळगावला आले. आले ते थेट माझ्या बँकेत, काउंटरच्या आत, माझ्या खुर्चीशेजारी. म्हणाले, डावऱ्याला खोकला झालाय, आठवडाभर खोकतोय. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" "सांगायला कशाला पाहिजे? पायरीवर ऐकू येतो ना." मग पुढचं सांगू लागले, की त्यांनी मेडिकलवाल्यांना गाठलं होतं. खोकल्याचं चांगलं औषध द्यायला सांगितलं आणि बजावलं, माझं नाव काढायचं नाही. मेडिकलवाल्यांनी बाटली नेऊन दिली, नाव काढलं नाही. डावऱ्याने झाकण उघडलं, तिथेच एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"आन मंग?" मी विचारलं. साडूंजवळ बसलं की मीही तसाच बोलायला लागायचो.

साडूंनी खिशातून रुमाल काढला, पण तो हातातच ठेवला. "मेडिकलवाल्यांना म्हणाला, 'त्याले सांग, कडू शे.'"

काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबली होती. साडूंनी ते वाक्य मला 'त्याले'वर जोर देऊन पुन्हा सांगितलं, मग माझ्या शेजारच्या कॅशियरला सांगितलं, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग घड्याळाकडे बघून घाईघाईने उठले. आता निघालं तर पाचपर्यंत धुळे गाठता येईल, म्हणाले.