अक्कानं धरायची होती ती पोर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. चर्चमध्ये कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकले, तिथेही नाही. तिथे फक्त म्हणालो, "खोटं बोललो, फादर." कोणतं खोटं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. असं सांगितलेलं पाप सांगितलं म्हणायचं का?

तुम्ही आम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आम्ही नेसरीकडचे कॅथलिक. आजोबांच्या काळापासूनचे. मी घरातला पहिला पदवीधर — कोल्हापुरात एका कारखान्याच्या ऑफिसात लागलो, तेव्हा आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. नोकरी दिली ती आमच्या साहेबांनी. तेही कॅथलिक, पण गोव्याकडचे, इंग्रजी बोलणारे. आमच्याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे. मी त्यांचे उपकार मानायचो. अजून मानतो — मानायला नको का?

पण मला सांगायचं आहे ते अक्काबद्दल.

अक्का माझी थोरली बहीण. राधानगरीच्या वाटेवर तिचं सासर. दाजी हिंदू, घरी म्हशी आणि थोडा ऊस. लग्न मात्र बिशपांची रीतसर परवानगी घेऊन चर्चमध्येच झालेलं. दर रविवारी दाजी तिला मोटरसायकलवरून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आणायचे आणि मिस्सा संपेपर्यंत आवारातल्या आंब्याखाली बसून राहायचे. कुणी आत बोलावलं तर म्हणायचे, "तुमचं चालू द्या. तुमच्या देवाला म्हशीचा वास लागंल."

अक्काला मूल झालं नाही. अशा बाईला आमच्या भागात ओटी भरायला बोलावत नाहीत — हो, ख्रिस्ती असलो तरी ओटी आमच्यातही भरतात. पण माझ्या बायकोला दिवस गेले, तेव्हा ती हटून बसली. "ओटी वन्संच भरणार." अक्का आली. तिने नारळ, तांदूळ, खण ओटीत घातला. मग ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ह्या पोराला मी धरणार हाय. आत्ताच सांगून ठेवते."

पोर धरणं म्हणजे धर्ममाता होणं. बाप्तिस्म्याला धर्ममाता बाळाला पाण्यावर धरते, फादर कपाळावर पाणी घालतात. जिनं धरलं तिचं ते अर्धं मूल, असं आमच्यात मानतात. मी म्हणालो, "तूच धरणार, अक्का. दुसरं कोण?"

मुलगी झाली. मी फादरांना भेटलो. बहिणीला धर्ममाता करायचं आहे, पण तिचा नवरा हिंदू आहे — चालेल ना? फादर हसले. म्हणाले, "चर्चमध्ये लग्न झालंय, दृढीकरणाचा संस्कार झालाय, दर रविवारी येते. तिच्याइतकी योग्य बाई कुठून आणणार?"

हे त्यांचे शब्द. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात ऑफिसात साहेबांनी विचारलं, बाळाला धर्मपालक म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको उभे राहिलो तर चालेल का—

नाही. असं नव्हतं. इतकी वर्षं मी मनाला हेच सांगत आलो, म्हणून हातून तसंच लिहून गेलं. साहेबांनी विचारलं नव्हतं. मीच विचारलं. त्यांच्या टेबलापुढे उभा राहून विचारलं. माझी मुलगी साहेबांची धर्मकन्या होईल, पुढच्या बाकावर बसेल, चांगल्या शाळेत जाईल — असं काहीतरी डोक्यात होतं. साहेब जरा गोंधळले आणि "ऑफ कोर्स" म्हणाले.

धर्ममाता एकच असते, आणि ती आता साहेबांच्या मॅडम होणार होत्या.

अक्काला सांगायला तिच्या गावी गेलो. ती सोप्यात बसून झगा शिवत होती. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा धर्ममाता आणते, म्हणून. "ह्यो गळा बघ रं, लय मोठा तर न्हाय झाला?" म्हणाली. मी गळा बघितला. मग म्हणालो, "अक्का, फादर नको म्हणत्यात. दाजी हिंदू हायेत म्हणून."

ती म्हणाली, "लग्नाला बिशपांची परवानगी हुती की."

"आता नियम बदललाय," मी म्हणालो.

शिकलेला होतो ना मी. नियमाचं मीच सांगणार आणि ती ऐकणार. तिने सुई झग्यातच टोचून ठेवली. गोठ्याच्या दारात दाजी धारेची बादली घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. एवढंच म्हणाले, "माझ्यामुळं, व्हय?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. भ्याडपणा आणखी कशाला म्हणतात?

बाप्तिस्म्याला दोघं आली. अक्काने झगा फाटकाशीच बायकोच्या हातात दिला. बायकोला वाटलं, फादरांनी दगा दिला. ती अजून त्या फादरांचं नाव काढू देत नाही. मुलीने मॅडमनी आणलेला लेसचा झगा घातला. पाणी पडलं तशी पोर किंचाळली. मागच्या बाकाजवळ अक्काचे हात आपोआप पुढे आले. मग तिने ते पदराखाली घेतले.

त्यानंतर ती चर्चला आलीच नाही. म्हणाली, "ज्यांनी माझ्या नवऱ्याला कमी लेखलं, त्यांच्या दारात मी जात न्हाय." फादरांची पुढे बदली झाली. आता त्यांचे ते शब्द माझ्याशिवाय कुणाजवळ नाहीत.

आणि साहेब? एका सणाला मिस्सानंतर मुलगी मॅडमच्या साडीशी खेळत होती. मॅडमनी वाकून तिला विचारलं, "तू कुणाची गं?" पुढे ते बेंगळुरूला गेले. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मला फार लागलं. फसवल्यासारखं वाटलं — मला! बायकोजवळ मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "फादरांनी अडवलं नसतं, तर आज पोरीला वन्सं असत्या." मी ताटातला घास चावत राहिलो.

मुलगी आता मोठी झाली. यंदा तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे — वेदीवरची पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार. म्हैस व्याली म्हणून मागच्या आठवड्यात दाजी तिच्यासाठी खरवस घेऊन आले. एकटेच. जाताना जिन्यात थांबले.

"पावणं, एक इचारू काय? हसू नगा."

"बोला की दाजी."

"मी बाप्तिस्मा घेतला, तर हिला परत आत घेतील काय? पोरीच्या ख्रिस्तप्रसादाला हिनं जवळ उभं ऱ्हावं, असं वाटतंय. घरात बोलत न्हाय, पर दर रविवारी आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून बसती. कुठं जात न्हाय. नुसती बसती."

मी म्हणालो, "दाजी, आणि जोतिबाचं काय? तुमच्या घरची पिढ्यांची वारी हाय."

"जोतिबाला मी सांगतो काय सांगायचं ते. तुमी फादरांचं बघा."

तिथे सांगता आलं असतं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "नव्या फादरांना विचारून सांगतो."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी हाय म्हणून बरं हाय, पावणं. शिकल्याल्या माणसाचं ऐकत्यात."

ते उत्तराची वाट बघतायत. फादरांना विचारण्यासारखं त्यात काहीच नाही, हे जगात मला एकट्याला माहीत आहे.