केसभर खाली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी भूतबित काही मानत नाही. आमच्या घरातून छप्पन सालीच देवघर निघालं आणि त्याच्यासोबत भुतंही गेली. बाबा गोंडपिपरीकडे शाळामास्तर होते. लहानपणी एकदा मी चिंचेखालून जायला घाबरलो, तर त्यांनी मला त्याच चिंचेखाली बसवून एकोणतीसपर्यंत पाढे म्हणायला लावले! असा सगळा मामला. त्यामुळे या पानावरचे भुताचे अनुभव वाचताना मी बऱ्याचदा हसतो, राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे - अक्षरशः हातून - आणि तिच्यावर मला अजून हसता आलेलं नाही.

सत्त्याऐंशी साल असेल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गचका खाऊन घरी बसलो होतो. चंद्रपूरच्या बाहेर खाण कामगारांची वसाहत होती, तिथे माझ्या थोरल्या भावाला - दादाला - दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं. दादा, वहिनी, बाबा आणि मी. आई आधीच गेली होती. दादा जमिनीखालच्या कोळसा खाणीत ड्रेसर होता. म्हणजे कोळसा काढणारे आत शिरण्याआधी यानं पुढे जायचं आणि लांब सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकून बघायचं. टण्ण वाजलं तर पक्कं. ढब्ब वाजलं तर वर पोकळ आहे, पाडून टाका नाहीतर टेकू लावा. सगळं काम कानाचं. दादाचा कान इतका तयार की मडकं घ्यायचं असलं तर वसाहतीतल्या बायका त्याला बाजारात सोबत न्यायच्या.

याच कानापायी त्याला बेस गिटारचं वेड लागलं. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, थंडीत रजा टाकून वडशाच्या नाटक मंडळीसोबतही फिरायचा. खाणीत यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना त्याला आपला बेस देऊन गेला. मोठ्या पोटाचा, पोकळ लाकडाचा, आत पिकअप बसवलेला. वायर लावली तर स्पीकरवर वाजायचा, नाही लावली तरी खोलीभर घुमायचा. दादानं काय करावं? पक्कड घेऊन मानेवरच्या, सुरांच्या जागा दाखवणाऱ्या सगळ्या धातूच्या पट्ट्या उपटून काढल्या! खाचा लाकडाचा भुसा नि सरस घालून बुजवल्या. "पट्ट्या सूर कोंडून ठेवते गा," म्हणे. पट्ट्या असल्या की बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी चालतं. पट्ट्या काढल्या की केसभर चूकही ऐकू येते.

आणि माझं बोट कायम चुकायचं. सगळ्यात जाड तारेवर एक जागा होती, तिथे माझा सूर दर वेळी उतरलेलाच लागायचा. दादा कपाळावर हात मारायचा. "मिलिंद, केसभर पुढं घे ना बे बोट! तुले ऐकू नाई येत का?" शेवटी वैतागून त्यानं मला बेसला हात लावायची बंदीच केली.

त्या दिवशी दादा सकाळच्या पाळीला गेला. वहिनी नळावर, बाबा ओसरीत पेपर वाचत. मी खुंटीवरून बेस काढला. साडेदहा झाले असतील. जाड तारेवर बोट दाबलं, एकदा छेडलं, आवाज विरून गेला. उजवा हात मांडीवर होता... आणि तार वाजली. ढब्ब, ढब्ब, ढब्ब. थोडं थांबून - ढब्ब, ढब्ब.

वाटलं, कोळशाचा ट्रक गेला असेल. बोट उचललं, बंद झालं. पुन्हा ठेवलं. तीन, थांबून दोन. दुसऱ्या जागी बोट ठेवलं तर काही नाही. मी तारेचा पीळ बघितला, बेसच्या पोटात उंदीर शिरलाय का तेही बघितलं. मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ नसताना भोंगा झाला की वसाहतीतल्या बायका हातातलं टाकून पळत सुटतात. शेजारचा माणूस सायकलवरून ओरडत आला - छत बसलं, बाकीचे बाहेर आले, एक आत राहिला. खाणीतून वर आलेला प्रत्येकजण आपला दिवा आपल्या खुंटीला परत लावतो; दिव्यांच्या खोलीत एकच खुंटी रिकामी होती. दादाची.

मी ताडकन उठलो. उठताना बोट सुटलं आणि तार गप्प झाली. का कोण जाणे, मी तसाच खाली बसलो. बोट दाबलं. काही नाही... काही नाही... मग तीन, थांबून दोन. सब्बलीचे ठोके होते ते.

"भाऊजी, चला ना! काऊन बसले असे?" वहिनी दारात.

"वैनी, दादा जित्ता हाये. ठोकून राह्यला. तीन, मंग दोन."

 वहिनी तोंडावर पदर दाबून अनवाणीच खाणीकडे पळाली.

बाबा आत आले. "ठेव ते खाली. लोक येऊन राह्यले, काय म्हणतीन?"

"ठेवलं की बंद होते बाबा."

"काय बंद होते?"

"दादा."

बाबांना मी असं काही बोललेलो उभ्या जन्मात खपलं नसतं. ते पुढे आले आणि बेसच्या पोटावर त्यांनी तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांना काय जाणवलं ते मला माहीत नाही. त्यांनी हात काढला, दाराला कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. कोणी दार वाजवलं की आतूनच सांगायचे, "नंतर या."

मंडळी, मार्चमधलं चंद्रपूरचं ऊन, वर सिमेंटचे पत्रे, दार-खिडकी बंद. घाम डोळ्यात जात होता आणि मला तो पुसायची भीती वाटत होती. बाबा गडव्यानं तोंडात पाणी ओतत होते. तासाभरात बोट बधिर झालं, मग मनगट, मग खांदा. पलीकडून ठोके आले की मी उजव्या हातानं एकदा तार छेडायचो. उत्तर म्हणून नाही, नुसतं बसवत नव्हतं म्हणून. दादा तिकडे दगडाआड आणि मी इकडे एका बोटाआड अडकलेला. मी त्याला मनातून शिव्या घातल्या. हे बोट मी आता कधीच उचलू शकणार नाही, म्हातारा होईन आणि इथेच बसलेला असेन, असंही वाटून गेलं. रडलो तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं.

तीनच्या सुमाराला घामानं बोट घसरलं. मी घाबरून पुन्हा दाबलं. काही नाही! बुजवलेली खाच दिसत होती, तिच्यावर अगदी नेमकं ठेवलं. तरी काही नाही. छेडलं तर सूर एकदम शुद्ध लागला. जन्मात पहिल्यांदा, आणि तार मेल्यासारखी गप्प.

बाबांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, "पाहू नको. तू नेहमी ठेवतोस तिथं ठेव."

मी डोळे मिटले. बोट आपल्या सवयीनं पडलं, केसभर मागे. ढब्ब, ढब्ब, ढब्ब. नुसतेच तीन आले. पुढचे दोन आले नाहीत.

पाचच्या आसपास तेही थांबले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. मी बोट तसंच दाबून बसलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाहेरून शेजाऱ्याचा आवाज आला, "मास्तर! काढला! जित्ता काढला!" माझी बोटं उघडेनात. बाबांनी ती एकेक करून सोडवली.

वहिनीनं नंतर सांगितलं ते असं. खाणीवर सगळ्यांनी दादा ढिगाऱ्याखाली गेला असंच धरलं होतं. ही तिथल्या म्हाताऱ्या सरदारासमोर, म्हणजे पाळीच्या मुकादमासमोर, उभी राहून म्हणाली, तो ठोकून राह्यला, तीन, मंग दोन. सरदार चमकला. छतावर तीन, बाजूच्या भिंतीवर दोन ही दादाची ठोकायची रीत, घरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं पंप बंद करवून पाण्याच्या नळीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. तरी तो म्हणाला, "ठोकून राह्यला म्हणजे ढिगाऱ्याखाली नाई, ढिगाऱ्यामांगं हाये." बाजूच्या बोगद्यातून फोडायला घेतलं आणि दादा सापडला. पाय मोडलेला, हातात सब्बल.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. घरी काय झालं ते दादाला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी खाटेजवळ बसलो. तो छताकडे बघत म्हणाला, "हवा कमी झाली होती गा. झोप येऊन राह्यली होती. झोपलो असतो तं संपलं होतं. पण दगडातून कोणीतरी उत्तर देऊन राह्यलं होतं. एकच सूर, घडी घडी तोच." मग माझ्याकडे वळला. "अन् तो उतरलेला! इतका राग आला ना मले... म्हटलं, केसभर पुढं घे ना बे, केसभर! त्या रागातच जागा राह्यलो." तार रुतून फाटलेल्या माझ्या बोटावरचं बँडेज त्यानं तेव्हा पाहिलं. तो हात त्यानं धरून ठेवला.

एका ओळखीच्या इंजिनियरला मी विचारलंय. तो म्हणतो, खडकातून आवाज लांब जातो. जात असेल. पण खाण तीन किलोमीटरवर, आणि मांडणीवरचा एक पेला हलला नाही. माझा आवाज तिकडे कसा गेला, आणि शुद्ध जागी तार गप्प का झाली, हे विचारलं की तो विषय बदलतो.  

दादा काही वर्षांपूर्वी गेला, म्हातारा होऊन, आपल्या खाटेवर. बेस आता माझ्याकडे आहे. उतारवयात रीतसर शिकलो, सगळे सूर जागेवर लागतात. त्या एका जागेवर मात्र शिकवणारा पोरगा दर वेळी अडखळतो. "काका, हा जरा खाली लागतोय, बोट पुढं घ्या."

मानत मी आजही काही नाही. पण बोट पुढे घेत नाही.